नोटाच्या बटणावर बोट ठेवण्याआधी

प्रति,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांतले, यंदा कुणालाच मत न देण्याच्या विचारात असलेले मतदार

सप्रेम नमस्कार.

"दोघंही तसलेच. यंदा नोटा दाबायचा, नाहीतर सरळ रानात जायचं." विट्याच्या टपरीवर, कराडच्या एसटी स्टँडवर, डेअरीच्या रांगेत हे वाक्य सारखं कानावर पडतं. असं बोलणाऱ्यांना आळशी किंवा बेजबाबदार ठरवणं आम्हाला मान्य नाही. पाच वर्षांत तीन झेंडे खांद्यावर घेतलेला माणूस पुन्हा हात जोडून दारात उभा राहतो. ज्याच्या संस्थेत गावाच्या ठेवी अडकल्या, तोच ठेवीदारांच्या हक्कांवर भाषण ठोकतो. ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराचे, पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असा कायदा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तरी बिल कधी येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. अशा वेळी "कुणीच नको" वाटणं साहजिक आहे.

तरीही आमची तुम्हाला कळकळीची विनंती आहे. दोघांतला कमी वाईट कोण ते शोधा, डोळे उघडे ठेवून त्याला मत द्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या मागे लागा. हे नुसतं बोलायला सोपं आहे. त्यात करायच्या गोष्टी बऱ्याच आहेत, आणि चुका नेमक्या तिथेच होतात. म्हणून हे पत्र जरा लांबलं आहे.

आधी नोटा काय करतो आणि काय करत नाही ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी निकाल दिला आणि त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकांपासून मशीनवर सगळ्यात शेवटी हे बटण आलं. लोकसभा आणि विधानसभेला नोटाची मतं मोजली जातात, जाहीरही होतात. निकालावर मात्र त्यांचा काही परिणाम होत नाही. नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे, तोच आमदार किंवा खासदार. अनामत वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात. त्या हिशेबातही नोटा धरत नाहीत. म्हणजे नोटा वाढला म्हणून कुणाची अनामत जात नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण पलूस-कडेगावचं. २०१९ च्या विधानसभेला तिथे विश्वजित कदम यांना १,७१,४९७ मतं पडली. दुसऱ्या क्रमांकावर नोटा होता, २०,६३१ मतांवर. त्याच्या खालच्या उमेदवाराला ८,९७६. वीस हजारांहून जास्त माणसं उन्हात रांगेत उभी राहिली, बोटाला शाई लावून घेतली आणि नोटा दाबून परत आली. चार दिवस वर्तमानपत्रांत बातमी झाली. निकाल जो लागायचा तोच लागला. तिथे लढत एकतर्फी होती, त्यामुळे नोटाने कुणाचं नुकसान झालं नाही. पण हेच वीस हजार जर पाच हजारांच्या फरकाने लागणाऱ्या लढतीत नोटाकडे गेले असते, तर आमदार कोण हे बाकीच्यांनी ठरवलं असतं.

स्थानिक स्वराज्य संस्थांचा नियम थोडा वेगळा आहे. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला. त्यानुसार महापालिका, नगरपालिका आणि नगरपंचायतींत एखाद्या जागेवर नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक नव्याने घ्यायची. याचा आधार घेऊन बरेच जण "मग दाबूया की नोटा" म्हणतात. पण त्यासाठी नोटा पहिला यावा लागतो. दोन हजार मतदानाच्या वॉर्डात चारशे लोकांनी नोटा दाबला आणि उरलेले सोळाशे दोघांत साधारण निम्मे-निम्मे वाटले गेले, तर नोटा तिसरा, आणि ते चारशे लोक निकालातून बाद. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात तर दोन-चार मतांनी माणूस पडतो. समसमान मतं झाली तर चिठ्ठी काढतात. तिथे चारशे मतं बाजूला ठेवणं फार महागात पडतं.

आता हिशेब. समजा तुमच्या लेखी 'ब' बरा नाही, पण 'क' त्याहून वाईट आहे. तुम्ही 'ब'ला मत दिलंत तर दोघांतलं अंतर 'ब'च्या बाजूने एकाने सरकतं. घरी बसलात किंवा नोटा दाबलात तर अंतर आहे तिथेच राहतं, म्हणजे जे मत 'ब'ला मिळू शकलं असतं ते गेलं. रागाच्या भरात 'क'ला दिलंत तर अंतर उलट्या बाजूला सरकतं आणि 'ब'चं नुकसान दोन मतांचं होतं. आपली पद्धत 'ज्याला जास्त मतं तो निवडून' अशी आहे. निम्म्याहून जास्त मतांची अट नाही, दुसरी फेरी नाही. पदवीधर मतदारसंघात पसंतीक्रम लिहिता येतो. पुणे पदवीधर मतदारसंघात सांगली आणि सातारा दोन्ही येतात, त्यामुळे पदवीधरांपैकी अनेकांनी तो कागद हाताळला आहे. तिथे मनातल्या उमेदवारापुढे १ आणि 'हा चालेल' अशापुढे २ लिहिता येतं. पहिला बाद झाला तर मत दुसऱ्याकडे जातं. लोकसभा, विधानसभा, झेडपीला ही सोय नाही. तिथे १ आणि २ यांची बेरीज तुम्हाला घरीच, डोक्यात करून जावं लागतं.

ही बेरीज न केल्यावर काय होतं आणि केल्यावर काय होतं, ते सांगली लोकसभेने पाच वर्षांच्या अंतराने दाखवलं. कोण चांगला, कोण वाईट हे आम्ही सांगत नाही, फक्त आकडे पाहा. २०१९ मध्ये संजयकाका पाटील ५,०८,९९५ मतं मिळवून निवडून आले. विशाल पाटील यांना ३,४४,६४३ आणि गोपीचंद पडळकर यांना ३,००,२३४ मतं पडली. विरोधातल्या दोघांची बेरीज ६,४४,८७७, म्हणजे विजयी उमेदवारापेक्षा लाखाहून अधिक. ती सगळी मतं एकाकडे गेलीच असती असं म्हणता येत नाही, कारण दोघांचे मतदार वेगळे होते आणि त्यांची कारणंही वेगळी होती. पण ज्या मतदाराला विद्यमान खासदार नकोच होते, त्याचं मत दोन ठिकाणी विभागलं, हे खरं. २०२४ ला पुन्हा तिरंगी लढत होती. या वेळी विशाल पाटील अपक्ष होते आणि आघाडीचं अधिकृत तिकीट चंद्रहार पाटील यांच्याकडे होतं. निकाल: विशाल पाटील ५,७१,६६६, संजयकाका ४,७१,६१३, चंद्रहार पाटील ६०,८६०. अधिकृत चिन्ह कुणाकडे आहे यापेक्षा प्रत्यक्ष लढतीत कोण आहे, हे मतदारांनी ओळखलं होतं.

ते ओळखायचं कसं? सभेची गर्दी पाहून नाही. गर्दी ट्रॅक्टर आणि टेम्पोने आणता येते. व्हॉट्सॲपवर फिरणारे सर्व्हे तर सोडूनच द्या. हाताशी असलेली सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे नमुना २०, म्हणजेच अंतिम निकालपत्रक. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ते मतदारसंघवार मिळतं. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुठल्या उमेदवाराला किती मतं पडली आणि नोटाला किती, हे एकेका ओळीत असतं. आपल्या गावाची आणि शेजारच्या चार गावांची केंद्रं शोधा, मागच्या दोन निवडणुकांचे आकडे वहीत उतरवा. तिसऱ्याला आपल्या पट्ट्यात कधी दहा टक्क्यांच्या वर मतं मिळाली आहेत का, ते लगेच दिसेल. यंदा कुणी गट बदलला, कुणाची भावकी फुटली, कुणी माघार घेतली, हे त्यात मिळवा. माघारीची मुदत संपल्यावर एकदा आणि मतदानाच्या दोन दिवस आधी एकदा, असा दोनदा हा हिशेब करा. पहिल्यांदा केलेला पुष्कळदा चुकतो, कारण खरी हालचाल शेवटच्या चार दिवसांत होते.

यापुढचं काम सर्वांत अवघड आहे आणि त्यातच लोक घाई करतात. जास्त वाईट कोण, हे ठरवायचं कशावरून?

उमेदवारी अर्जासोबत प्रत्येकाला नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावं लागतं. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि 'नो युवर कँडिडेट' या ॲपवर कुणालाही वाचता येतं. त्यात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, मागच्या पाच वर्षांचं आयकर विवरणपत्रातलं उत्पन्न, बँकांची आणि सरकारी थकबाकी, आणि गुन्ह्यांचा तक्ता असतो. बहुतेक जण फक्त गुन्ह्यांची संख्या पाहतात: "याच्यावर अकरा, त्याच्यावर दोन." आपल्या भागात हा हिशेब हमखास चुकतो. ऊसदरासाठी रस्ता अडवलेल्या कार्यकर्त्यावर गुन्ह्यांची रांग लागलेली असते. कलमं कोणती आहेत ते वाचा. भारतीय दंड संहितेचं १४३ (बेकायदा जमाव), १८८ (आदेशाचा भंग), ३४१ (अटकाव), किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७ आणि १३५, ही बहुतेक आंदोलनातली कलमं. ४२० म्हणजे फसवणूक, ४०९ म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या पैशांचा अपहार, ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न, ३५४ आणि ३७६ म्हणजे स्त्रियांवरचे गुन्हे. १ जुलै २०२४ पासूनच्या प्रकरणांत भारतीय न्याय संहितेचे आकडे दिसतील. तिथे ४२० च्या जागी ३१८(४), ४०९ च्या जागी ३१६(५), ३०७ च्या जागी १०९, ३५४ च्या जागी ७४ आणि ३७६ च्या जागी ६४. आरोप निश्चिती झाली आहे का, हा रकानाही पाहा. न्यायालयाने आरोप ठेवला असेल तर प्रकरण नुसत्या फिर्यादीच्या पुढे गेलं आहे, असं समजायचं. आंदोलनाचे अकरा गुन्हे असलेल्यापेक्षा अपहाराचा एकच असलेला अधिक धोक्याचा असू शकतो. गुन्हे असलेल्या उमेदवाराला ते वर्तमानपत्रात तीनदा छापावे लागतात. त्या जाहिराती बारीक अक्षरात आतल्या पानावर येतात, तेवढे दिवस पेपर नीट चाळा.

शपथपत्रात एक गोष्ट मात्र दिसत नाही, आणि आपल्याकडे तीच सर्वांत महत्त्वाची. कारखाना, दूध संघ, बँक, शाळा आणि आमदारकी यांतलं किती एका घरात गेलं आहे? ज्याच्या काट्यावर तुमचा ऊस वजन होतो, ज्याच्या बँकेत तुमचं पीककर्ज आहे, ज्याच्या संस्थेत तुमची सून शिक्षिका आहे, त्याच्याच हाती पंचायत समितीपासून विधानसभेपर्यंत सगळं दिलं, तर उद्या तक्रार कुणाकडे करायची? दबाव कसा येतो, तेही लक्षात असू द्या. मतदान गुप्त आहे, पण केंद्रनिहाय आकडा गुप्त नाही. हजार-बाराशे मतदारांच्या केंद्रात कुठल्या वस्तीने कुणाला हात दिला, हे निकालाच्या संध्याकाळी कळतं. मग त्या वस्तीकडे तोडणीची टोळी यायला उशीर होतो. शेतातला ऊस तुऱ्यावर येतो, वजन घटतं, आणि विचारलं तर उत्तर मिळतं, "टोळ्या कमी आहेत हो." म्हणून उमेदवारांची तुलना करताना आम्ही हा प्रश्न सगळ्यात वर ठेवतो: हा निवडून आला तर पाच वर्षांनी त्याला पाडणं सोपं राहील का? भ्रष्ट पण पाडता येणारा माणूस आणि ज्याच्याविरुद्ध उभं राहायला कुणी धजणार नाही असा माणूस, यांत दुसरा जास्त घातक. पहिल्याने खाल्लेला पैसा गावाला पुन्हा उभा करता येतो. दुसऱ्याने घातलेली भीती दोन पिढ्या जात नाही.

दुसरा प्रश्न असा की, नुकसान परत फिरवता येईल का. अर्धवट रस्ता पुढच्या निवडणुकीनंतर होतो. टेंभू किंवा म्हैसाळ योजनेच्या पाण्याचं एक आवर्तन चुकलं तर एक हंगाम जातो, ते दुःख मोठंच, पण पुढचा हंगाम येतो. गावात जातीजातींत लावून दिलेलं भांडण मात्र निकालाबरोबर मिटत नाही. शेजारी एकमेकांच्या लग्नाला जायचे थांबतात. असं भांडण पेटवून मतं मागणारा समोर असेल, तर त्याच्याविरुद्धचा उमेदवार कितीही रटाळ, कितीही कामचुकार असला तरी आमचं मत त्यालाच.

परदेशातला एक दाखला इथे कामाचा आहे. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात १९९१ साली गव्हर्नरपदाच्या शेवटच्या फेरीत दोघं उरले. एक एडविन एडवर्ड्स, ज्यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप जगजाहीर होते. दुसरा डेव्हिड ड्यूक, कृष्णवर्णीयांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लान या संघटनेचा माजी पुढारी. "भामट्याला मत द्या, ते महत्त्वाचं आहे" अशा अर्थाचे स्टिकर लोकांनी गाड्यांवर लावले. एडवर्ड्स सुमारे ६१ टक्के मतं मिळवून निवडून आले. पुढे २००० साली कॅसिनो परवान्यांच्या खंडणी प्रकरणात ते दोषी ठरले आणि तुरुंगात गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मतदारांनी वाईटातला वाईट अडवला, आणि ज्याला निवडलं तोही पुढे तसाच निघाला. फरक एवढाच की, त्याच्यावर खटला चालवणारी न्यायालयं जागेवर होती.

हा सल्ला सगळीकडे लागू होतो असं मात्र नाही. लढत एकतर्फी असेल आणि पन्नास-साठ हजारांचं लीड दिसत असेल, तर मनातल्या तिसऱ्याला मत द्या. त्याने निकाल बदलणार नाही, पण त्या माणसाला पुढच्या खेपेला उभं राहायची ताकद येईल. दोघांत खरंच कणभर फरक सापडला नाही, तरी तसंच करा. आणि प्रत्येक निवडणुकीत "तो येईल, तो येईल" म्हणत भीती दाखवून मत नेणारा, बदल्यात काहीच न देणारा उमेदवार असेल, तर त्याला फुकट मत देऊ नका. वस्तीने एकत्र बसून दोन-तीन मागण्या कागदावर लिहा, तारखेसह, आणि प्रचाराला आल्यावर चारचौघांत त्याची सही घ्या. 'कारखान्याचं मागचं थकलेलं बिल', 'विजेची डीपी बदलणं', 'स्मशानभूमीचा रस्ता' अशा मोजता येणाऱ्या गोष्टी. 'विकास' हा शब्द त्या कागदावर नको. सहीच्या बदल्यात पाकीट मात्र घेऊ नका. पाकीट घेतलं की मागणीचा हक्क तिथेच संपतो, हे देणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं.

एवढं ठरवूनही मत चुकीच्या जागी पडू शकतं. २०२४ च्या सातारा लोकसभेला उदयनराजे भोसले यांना ५,७१,१३४ आणि शशिकांत शिंदे यांना ५,३८,३६३ मतं होती. फरक ३२,७७१. शिंदे यांचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. त्याच मशीनवर एका अपक्षाला 'तुतारी' हे चिन्ह मिळालं होतं, लोक त्याला पिपाणी म्हणत. त्याला ३७,०६२ मतं पडली. त्यांतली किती गफलतीने पडली हे मोजता येत नाही, पण आकडा फरकापेक्षा मोठा आहे. म्हणून चिन्हावर एकट्यावर विसंबू नका. नाव, फोटो आणि अनुक्रमांक, तिन्ही पाठ करून जा. यादीत मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, असा क्रम असतो. एका मशीनवर सोळाच बटणं असतात, उमेदवार जास्त असले तर शेजारी दुसरं मशीन लावलेलं असतं, तिकडेही पाहा. एकाच नावाचे दोन-तीन उमेदवार मुद्दाम उभे केलेले असतात, वडिलांचं नाव वाचा. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, तेवढा वेळ तिथून हलू नका. घाई करणारा मागचा माणूस थांबेल. आजी-आजोबांना आदल्या दिवशी नमुना मतपत्रिकेवर दोनदा बोट ठेवायला लावा.

झेडपीला दोन बटणं असतात, एक जिल्हा परिषद गटाचं आणि एक पंचायत समिती गणाचं. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा असतात आणि सगळ्या जागांची बटणं दाबून झाल्याशिवाय लांब बीप वाजत नाही. इथे पॅनलचं पॅनल उचलायची गरज नाही. 'अ'ला एका पक्षाचा बरा, 'क'ला दुसऱ्याचा, असं बेधडक करा. कमी वाईट निवडायची सर्वांत मोठी मुभा याच निवडणुकीत आहे आणि सर्वांत कमी वापरली जाते.

आता निकालानंतरचं. ज्याला नाइलाजाने मत दिलं, त्याची बाजू घ्यायची सवय माणसाला चार दिवसांत लागते. टपरीवर कुणी त्याच्याबद्दल वाकडं बोललं की, आपलं मत चुकलं असं कबूल करावं लागेल म्हणून आपण त्याला सांभाळून घ्यायला लागतो. हे टाळा. मत द्या, पण गुलाल लावून घेऊ नका. त्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपला फोटो जाऊ देऊ नका. सही घेतलेला कागद ग्रामसभेत वाचा आणि ठरावात घ्या. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटींचा निधी असतो. आपल्या गावाला त्यातलं काय आलं, हे माहिती अधिकारात विचारा, ३० दिवसांत उत्तर यावं लागतं. अर्जाची पोच आणि उत्तर त्याच वहीत लावा, जिच्यात नमुना २० चे आकडे उतरवले आहेत. पाच वर्षांनी तो पुन्हा दारात येईल, तेव्हा वही बाहेर काढा.

आपले,
मतदान केंद्र आणि मतमोजणीच्या कामाचा अनुभव असलेले काही निवृत्त शिक्षक व महसूल कर्मचारी,
मिरज